घरातला कर्ता माणूस गेल्यावर: पहिल्या वर्षातली कामं, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

कर्ता माणूस गेला की पुढच्या महिनाभरात होणारी चूक बहुतेक घरांत सारखीच असते. ज्या कामांना कायद्याची मुदत आहे ती राहून जातात, आणि ज्यांना कसलीच मुदत नाही ती तेराव्याच्या आत उरकली जातात. मृत्यूच्या नोंदीत नाव चुकतं, अनुदानाच्या अर्जाची तारीख टळते, पण हक्कसोडपत्रावर (मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर) सही मात्र झालेली असते. विम्याचे पैसे यायच्या आधीच ते कुणाला द्यायचे हे ठरलेलं असतं.

हा लेख मागे राहिलेल्या बाईसाठी आहे, आणि तिच्यासोबत बँकेत, तहसीलला, पीएफच्या कार्यालयात जाणाऱ्या भावा-बहिणीसाठी. बायको गेली आणि नवरा मागे राहिला तरी क्रम हाच. (पुरुष मात्र एक वेगळी चूक करतात. सोय म्हणून मुलांना लगेच आजोळी पाठवून देतात. आई गेलेल्या मुलाची शाळा, मित्र आणि बापही एकदमच सुटतो.)

वारसांबद्दल इथे जे लिहिलं आहे ते हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वाटे वेगळे पडतात. गोव्यात तर नागरी कायदाच निराळा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर तिथे नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक धरले जातात. कामांचा क्रम मात्र सगळ्यांना उपयोगी पडेल.

सुरुवातीला: तीन ढीग

दोनशे पानी वही आणा आणि कामांचे तीन ढीग पाडा.

पहिला, मुदतीचा. मृत्यूची नोंद, अपघाताचे दावे, वाहन, वारसनोंद.

दुसरा, पैसा आणणाऱ्या कामांचा. पीएफ, पेन्शन, विमा, ठेवी. ही कामं करायचीच आहेत, पण पंधरा दिवस पुढेमागे झाल्याने आकाश कोसळत नाही.

तिसरा ढीग परत न फिरवता येणाऱ्या गोष्टींचा. हक्कसोड, जमीन किंवा घर विकणं, गाव सोडणं, मोठी रक्कम उसनी देणं, मुलांच्या शाळा बदलणं, स्वतःची नोकरी सोडणं. या ढिगाला वर्षश्राद्धापर्यंत हात लावायचा नाही. घरभाडं झेपतच नसेल तर घर बदलावं लागेल, तो नाइलाज. पण ‘लोक म्हणतात म्हणून’ यातलं काहीही नाही.

*तपासा:* एखादं काम कुठल्या ढिगात टाकायचं हे कळत नसेल तर दोन प्रश्न विचारा. उशीर झाला तर कायद्याने काही बुडतं का? आणि एकदा केल्यावर मागे घेता येतं का?

टप्पा १: पहिले तीन दिवस

या दिवसांत घरच्या बाईने कागदाला हात लावायची गरज नाही. दुसऱ्या कुणीतरी पुढच्या गोष्टी सांभाळायच्या.

रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंदीची माहिती रुग्णालयातूनच पुढे जाते. तिथला फॉर्म बहुधा एखादा पुतण्या घाईत भरतो आणि तिथेच घोळ होतो. आधारवर ‘बाळासाहेब’, सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच काही. मग प्रत्येक खिडकीवर ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. फॉर्म भरताना आधार कार्ड समोर ठेवा. नाव, वडिलांचं नाव, पत्नीचं नाव आणि पत्ता त्यावर असेल तसाच, अक्षर न् अक्षर उतरवा.

घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या आणि स्मशानभूमीची पावती जपून ठेवा. नोंद गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत, २१ दिवसांच्या आत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर लेखी परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. मूळ सही-शिक्क्याच्या दहा तरी प्रती एकदमच मागून घ्या.

सावधान: साप चावणं, वीज पडणं, शॉक लागणं, विहिरीत पडणं, रस्त्यावरचा अपघात, यांत ‘चिरफाड नको’ म्हणून शवविच्छेदन टाळू नका. पोलिसांतली नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघाताचा जवळजवळ प्रत्येक दावा अडतो, आणि हे कागद मागाहून तयार करता येत नाहीत. तिन्ही कागदांच्या प्रती मागून घ्या.

टप्पा २: तेराव्यापर्यंत

*कागदाचा माणूस ठरवा.* एकच. तो वारस नसावा, मयताला पैसे देणारा-घेणारा नसावा आणि विमा एजंट तर नसावाच. बाईचा भाऊ, नणंदेचा नवरा, शेजारची निवृत्त शिक्षिका, कुणीही चालेल. त्याने वहीत तारीख, कार्यालय, कुणाला भेटलो, काय दिलं आणि पुढची तारीख एवढं लिहायचं. चार माणसं चार ठिकाणी धावली की दोन अर्ज दोनदा जातात आणि एक जातच नाही.

*फोन आणि सिम जपा.* मयताचा मोबाइल पुसून मुलाला खेळायला दिला, किंवा ‘आता कशाला’ म्हणून रिचार्ज केलं नाही, हे फार होतं. बँक, पीएफ, आयकर, डिमॅट यांचे संदेश त्याच नंबरवर येतात. काही महिने रिचार्ज झालं नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. वर्षभर सिम चालू ठेवा. फोनमधले बँकेचे जुने मेसेज हीच त्यांच्या व्यवहारांची यादी असते.

सावधान: त्यांच्या एटीएम कार्डाने किंवा फोनवरून पैसे काढू नका. पिन माहीत असला, पैसे कार्यासाठीच लागणार असले तरीही. मृत्यूनंतर ते पैसे सगळ्या वारसांचे होतात, आणि उद्या भांडण झालं तर बँकेच्या उताऱ्यावर तारखेनिशी दिसतं. सही करून ठेवलेले कोरे चेकही वापरायचे नाहीत. खात्यात पत्नीचं नाव ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ असं जोडलेलं असेल तर ते खाते तिला चालवता येतं. सुरुवातीचा खर्च त्यातून किंवा माहेरच्या उसन्या पैशांतून करा आणि वहीत मांडा.

*एक वाक्य पाठ करा.* ‘माझं इतकं येणं होतं’ म्हणणारी माणसं दहाव्याला येतात. ‘लिहून द्या, आम्ही कागद बघतोय, वर्षश्राद्धानंतर बसू.’ एवढंच म्हणायचं. होकारही नाही, नकारही नाही. ज्याचं येणं खरं आहे त्याला लिहून द्यायला अडचण नसते. उलट बाजूने, त्यांचे कुणाकडे पैसे अडकले असतील तर ते मात्र लगेच नोंदवा आणि मागा. उसनवारीला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती त्यांच्या जाण्याने थांबत नाही.

*विधी किती, हे बाईला विचारा.* कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. वादात ‘आपल्यात असंच असतं’ म्हणणाऱ्याला दाखवायला हे उपयोगी पडतं. तिला स्वतःला काही काढून ठेवावंसं वाटलं तर तेही तिचंच.

*मुलांशी खरं बोला.* लहान मुलाला ‘बाबा झोपलेत’ सांगितलं की काही मुलं रात्री झोपायला घाबरू लागतात. ‘बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत’ हे ऐकायला कठोर वाटतं, पण मुलाला कळतं. आणि चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणणाऱ्या काकांना बाजूला घ्या. तो शाळेत जाणारा मुलगा आहे, त्याला तेच राहू द्या.

टप्पा ३: पहिल्या ३० दिवसांची यादी

१. *पासबुकातले दोन छोटे आकडे शोधा.* मे-जूनच्या नोंदींमध्ये ४३६ रुपये आणि २० रुपये वजा झालेले दिसतात का? पहिले प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. दुसरे सुरक्षा विम्याचे, अपघाती मृत्यूला २ लाख. दावा त्याच बँकेतून, शक्यतो ३० दिवसांत. बँक आपणहून सांगेलच असं नाही. प्रत्येक खात्याचं पासबुक भरून घ्या, पोस्टाचंही.

२. *शेतकरी अपघात.* मयत शेतकरी किंवा त्याच्या घरातला असेल आणि मृत्यू अपघाती असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. शवविच्छेदन अहवाल यायचा असेल तरी अर्ज देऊन पोच घ्या. राहिलेला कागद मागून जोडा.

३. *वाहन.* आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा. मयताच्या नावावरची गाडी तशीच चालवत राहिलात आणि अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडण ठरलेलं.

४. *बँकेला आणि पेन्शनला कळवा.* निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती गेली असेल तर पुढचे जमा झालेले हप्ते परत वसूल होतात. ते खर्च करू नका.

५. *रस्ता अपघात असेल तर* मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडचा अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. वकील याच महिन्यात गाठा. धडक देणारं वाहन पळून गेलं असेल तरी वारसांना २ लाखांच्या भरपाईची तरतूद आहे. त्याचा अर्ज वेगळा असतो.

झेरॉक्सबद्दल एक सवय लावून घ्या. आधार-पॅनच्या प्रत्येक प्रतीवर आडवं लिहायचं: ‘फक्त अमुक दाव्यासाठी’ आणि तारीख. कोऱ्या कागदावर सही नाही. ‘ताई, सही करून ठेवा, मी भरून घेतो’ म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी नाही.

टप्पा ४: पैसा कुठे कुठे आहे ते शोधणं

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हे काम करायचं. आठवड्याला दोन वार ठरवा आणि एका दिवशी एकच कार्यालय. बाकीचे दिवस फाइल कपाटात.

शोधायची पद्धत सांगतो. त्यांच्या खात्याचे दोन वर्षांचे उतारे काढा आणि बाहेर गेलेली प्रत्येक ठरावीक रक्कम वहीत उतरवा. विम्याचा हप्ता, आवर्त ठेव, भिशी, पतसंस्थेचा हप्ता, सगळं त्यात सापडतं. नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा आयकर विवरणात करसवलतीसाठी दाखवलेल्या पॉलिसी दिसतात. शेअर किंवा म्युच्युअल फंड असतील तर ईमेलवर एकत्रित विवरण येतं. मग कपाट, गाडीची डिकी, दुकानाचा गल्ला.

*पीएफ.* इथे तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि अनेक कुटुंबं पहिला घेऊन घरी येतात. साठलेली रक्कम, पत्नीला आणि दोन मुलांना पेन्शन (मुलांना वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत), आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर ठेवसंलग्न विमा, जो ७ लाखांपर्यंत असू शकतो. तिन्हींचा दावा करायचा. पेन्शनसाठी दहा वर्षं नोकरी हवी हा नियम निवृत्तीचा आहे. मृत्यूमध्ये एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते.

*ग्रॅच्युइटी.* पाच वर्षांची अट मृत्यूला लागू नाही. ‘तीनच वर्षं झाली होती, बसत नाही’ असं सांगितलं गेलं तर लेखी मागा.

*बँकेतल्या ठेवी.* नॉमिनी असेल आणि कागद पुरे दिलेले असतील तर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. अर्जाची तारीख घातलेली पोच घ्या, म्हणजे पंधरा दिवस कुठून मोजायचे हे ठरतं. नॉमिनी नसेल तर आधी बँकेला विचारा की किती रकमेपर्यंत ती नुसत्या हमीपत्रावर देते. तेवढ्यात भागत असेल तर न्यायालयाचा वारस दाखला काढायला धावू नका. त्यात महिने जातात.

*नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.* वारसांतली भांडणं बहुधा याच गैरसमजातून होतात. नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांचे सारखे वाटे. आई! सासूबाईंचा वाटा सुनेच्या लक्षात येत नाही, आणि सुनेचा सासरच्यांच्या. दोघींना पहिल्याच बैठकीत हे सांगून टाकलं तर पुढचे टोमणे निम्मे होतात. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत.

*कर्ज.* गृहकर्ज असेल तर हप्ता भरण्याआधी कर्जासोबत विमा घेतला होता का ते विचारा. मंजुरीपत्र आणि सुरुवातीच्या वजावटींत दिसेल. वारसांची जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्याने ‘तुमच्या पगारातून भरा’ म्हटलं तर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात का एवढंच बघा. नसाल तर तो फोन ठेवून द्या.

*हलाखीची परिस्थिती असेल तर* तहसीलच्या संजय गांधी शाखेत एकाच फेरीत दोन अर्ज द्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. दुसरा अर्ज संजय गांधी निराधार योजनेचा. मुलांसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज. एक पालक गमावलेल्या मुलालाही तो करता येतो, फक्त पूर्ण अनाथालाच असं नाही. नवरा नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे वेगळा अर्ज.

*तपासा:* चौथ्या महिन्यापासून कागदाच्या माणसाने मागच्या खुर्चीवर बसायला हवं. खिडकीवर बाईने बोलायचं, फॉर्म तिने भरायचा, चुकला तर पुन्हा तिनेच. हे मुद्दाम करा. वर्षाच्या शेवटी तिला एटीएम, चेक, वीजबिल, खतांची उधारी आणि शाळेची फी हे सगळं स्वतःच्या हाताने येत नसेल तर मदत करणाऱ्याने मदत केली नाही, कारभार घेतला.

टप्पा ५: सातबारा आणि घर

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही जातो. मेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर राहतात म्हणून २०२५ मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ अशी मोहीम काढावी लागली. त्यावरून हे काम किती मागे पडतं ते समजा.

फेरफाराची (सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची) नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्या दिवसांत प्रत्येक नाव वाचा. दोन चुका नेहमीच्या. लग्न झालेल्या मुलींची नावं गाळलेली असतात. आणि बायकोचं नाव स्वतंत्र वारस म्हणून न लागता फक्त अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांची पालनकर्ती आई म्हणून लागतं. मुलगा सज्ञान झाला की कागदावर तिचं काहीच उरत नाही.

सावधान: वारसनोंदीसाठी दुय्यम निबंधकाच्या (दस्त नोंदवण्याच्या) कार्यालयात जावं लागत नाही. ‘वारस लावायचेत, चल सही करायला’ म्हणून कुणी तिथे नेत असेल, अंगठा आणि फोटो घेत असतील, तर ते हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा खरेदीखत असणार. परत या. ‘कर्ज मिळायला अडचण येते’, ‘नावं जास्त झाली’, ‘तुला आम्ही काय कमी पडू देणार आहोत का’ ही कारणं खरी असली तरी वर्षभराने खरीच राहतील. अज्ञान मुलाच्या नावची स्थावर मिळकत विकायला आईलाही न्यायालयाची परवानगी लागते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत याचे बारकावे आहेत, तिथे वकील लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, हेल्पलाइन १५१००.

शहरातल्या सोसायटीत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. सदनिकेची मालकी वारसांचीच राहते, आणि कायमचं सभासदत्व वारसाचा कागद किंवा कुटुंबाची तडजोड दाखवल्यावर मिळतं. तात्पुरत्या सभासदाने सदनिका विकायला काढणं, हे इथलं नेहमीचं भांडण.

टप्पा ६: आलेला पैसा

विम्याची रक्कम खात्यात आली की आठवडाभरात कुणी ना कुणी येतंच. ज्या बँकेत ती आली तिथलाच माणूस नवी पॉलिसी घेऊन येईल, चुलत दीर धंद्यासाठी मागेल, मुलीच्या लग्नाचं सोनं आत्ताच घ्या म्हणतील. वर्षभर एकच करा: साधी मुदत ठेव. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बचत खात्यात आणि बाकीची तुकडे करून, वेगवेगळ्या तारखांना मुदत संपेल अशी. व्याज कमी मिळेल, मिळू द्या.

बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, म्हणून मोठी रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी गावातल्या पतसंस्थेत सगळी रक्कम ठेवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण संचालक नात्यातलेच असतात.

आयकर विसरू नका. ज्या आर्थिक वर्षात मृत्यू झाला त्या वर्षातल्या त्यांच्या उत्पन्नाचं विवरण वारसाने भरायचं असतं. आयकराच्या संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. पगारातून कर कापला गेला असेल तर परतावाही निघू शकतो.

टप्पा ७: मनाचं

याला वेगळा महिना नाही, हे पहिल्या दिवसापासून चालूच असतं. पण सहाव्या महिन्याच्या आसपास ते अंगावर येतं, कारण तेव्हा पाहुणे संपलेले असतात आणि कागदही संपत आलेले असतात. ‘आतापर्यंत तर बरी होती’ असं घरचे म्हणतात. तिला तोवर वेळ नव्हता, इतकंच.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण इथे कामाचं आहे. शोकातला माणूस दोन कामांमध्ये ये-जा करतो: कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी नव्या आयुष्याच्या व्यवहाराकडे, आणि ही ये-जाच त्याला सावरते. सकाळी बँकेत व्यवस्थित बोलून आलेली बाई दुपारी त्यांचा शर्ट घेऊन रडत बसली तर काही बिघडलेलं नाही. आठवड्याला दोनच वार कागदाचे ठेवा म्हटलं ते यासाठीच.

चुका दोन टोकांच्या. एक, ‘कामात मन रमव’ म्हणून एक मिनिट रिकामं न सोडणं. दुसरी, सगळी कामं काढून घेऊन तिला खोलीत बसवून ठेवणं. त्यांचे कपडे, चष्मा, चप्पल कुणी परस्पर आवरू नयेत. ते कधी आणि कुणाला द्यायचे हे तिला ठरवू द्या. पहिली दिवाळी, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस या तारखा आधीच वहीत लिहा आणि त्या दिवशी घरी कोण असेल ते आठ दिवस आधी ठरवा. ‘यंदा सण नाही’ म्हणायचं असेल तरी मुलांसाठी काय करायचं ते बोलून घ्या.

*तपासा:* झोप आणि जेवण महिनोन्महिने तुटलेलं आहे का? अंघोळ, स्वयंपाक, मुलांचं बघणं होत नाही का? दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्यात का? ‘मीही गेले तर बरं’ असं बोलणं होतं का? शेवटचं असेल तर दिवस मोजत बसू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्री तिला एकटीला झोपू देऊ नका. वर्ष उलटल्यावरही रोजचं जगणं जागेवर येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. लांबलेल्या शोकाला आता वैद्यकीय निदानात वेगळं नाव आणि उपचार आहेत.

टप्पा ८: वर्षश्राद्धानंतर तिसरा ढीग

आता तो ढीग उघडा, पण एका वेळी एकच विषय.

आधी राहायचं कुठे हे ठरवा. मुलांची शाळा, तुमची कमाई आणि आजारपणात धावून येणारं माणूस, या तिन्ही गोष्टी जिथे जास्तीत जास्त मिळतात ते गाव. त्यानंतर जमीन: स्वतः कसायची, वाट्याने द्यायची की विकायची. वाट्याने देत असाल तर लेखी द्या, दिराला देत असलात तरी. हक्कसोड करायचाच असेल तर बदल्यात काय मिळतं ते त्याच दस्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासन पाळलं नाही म्हणून तो मागे घेता येत नाही. मग पैशाची दीर्घ मुदतीची मांडणी, आणि तीही कमिशन न घेणाऱ्या सल्लागाराकडून.

पुनर्विवाहाचा विचार असेल तर एक भीती काढून टाका. वारसा उघडला तो नवरा गेला त्या दिवशी. त्यानंतर लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा जात नाही. विधवा पेन्शनसारखे काही लाभ मात्र पुनर्विवाहानंतर थांबतात, तेवढा हिशोब आधी करा.

सगळ्यात शेवटी तुमचे स्वतःचे कागद. तुमच्या पीएफला, बँकेला, विम्याला अजून त्यांचंच नाव नॉमिनी म्हणून असणार, ते बदला. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीने पैसे कुणी स्वीकारायचे त्याचं नाव द्या. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या समोर सही लागते, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मुलांचा सांभाळ कुणी करावा तेही त्यात लिहा, आणि लिहायच्या आधी त्या माणसाला विचारा. मग वही आणि फाइल कुठल्या कपाटात आहे ते घराबाहेरच्या एकाला सांगून ठेवा.